आधी कान पाहावा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक महोदयांचा निरोप आला तेव्हा मी त्यांना विषय सांगितला आणि फोनवर क्षणभर शांतता पसरली. ‘कानातला मळ?’ असे त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यात त्यांचा दोष नाही. स्मरणिकेतील मानाची पाने हृदयविकार, मधुमेह आणि अलीकडे गुडघ्याचे सांधे यांच्यासाठी राखीव असतात. कानातील मळ हा विषय न्हाणीघरातला, चारचौघांत न काढण्याचा. परंतु इंदुरात चाळीस वर्षे कुटुंबवैद्य म्हणून काम केल्यावर मागे वळून पाहताना ज्या चुकीची मला आजही लाज वाटते, ती कोणत्याही असाध्य रोगाशी नव्हे, तर याच क्षुल्लक मळाशी निगडित आहे. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

माझे शाळेतील गणिताचे शिक्षक पुढे माझे रुग्ण झाले. त्यांना आम्ही सारे गुरुजीच म्हणत असू. सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुजींचे वय तेव्हा ७८. रक्तदाबाच्या नेहमीच्या तपासणीसाठी सूनबाई त्यांना घेऊन आल्या होत्या. निघता निघता दारातच थांबून त्या म्हणाल्या, “डॉक्टरकाका, बाबांना हल्ली ऐकू येत नाही. हाक मारली तरी लक्ष नसतं.” मी आवाज चढवून गुरुजींना विचारले, “काय गुरुजी, कमी ऐकू येतं का?” ते आपल्या हळू आवाजात म्हणाले, “अरे, तंबोरा ऐकू येत नाही.” गुरुजी इंदूर घराण्याचे भक्त. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका ऐकण्यात त्यांच्या संध्याकाळी जात. त्यांचे उत्तर मला विनोदी वाटले. मी हसलो, सूनबाई हसल्या, आणि बाहेर बसलेल्या रुग्णांची गर्दी पाहून मी केसपेपरवर ‘वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास’ असे लिहून टाकले. श्रवणयंत्र लावून घ्या, असा सल्लाही दिला. या सर्वाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला नाही. टेबलाच्या खणात ओटोस्कोप होता. तो मी बाहेर काढला नाही.

पुढचे सारे रीतसर घडले. श्रवणयंत्राच्या दुकानात श्रवणाचा आलेख काढण्यात आला, यंत्र बसवण्यात आले आणि गुरुजींच्या निवृत्तिवेतनाचे काही महिने त्यात खर्ची पडले. यंत्र कानात घातले की शिटी वाजे. दोन-तीन वेळा ते ‘सेट’ करून आणले, तरी शिटी थांबेना. अखेर गुरुजींनी ते कपाटात ठेवून दिले. घरच्यांना वाटले, म्हातारपणचा हट्ट. हळूहळू ते जेवणाच्या पंक्तीत गप्प बसू लागले. महाराष्ट्र साहित्य सभेच्या शारदोत्सवात दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारा हा माणूस त्या वर्षी गेलाच नाही. विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर येऊ लागले, तेव्हा ‘बाबांना विसर पडू लागला आहे’ असे सूनबाईंनी मला सांगितले, आणि मी, सांगावयास संकोच वाटतो, स्मरणशक्तीसाठी म्हणून एक गोळी सुरू केली.

असे अकरा महिने गेले. मग एका लग्नानिमित्त मी आठ दिवस बडोद्यास गेलो. दवाखाना आपल्याच मंडळाच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी सांभाळला. परत आल्यावर केसपेपर चाळताना गुरुजींच्या कागदावर, माझ्या त्या भारदस्त निदानाच्या खाली, बाईंच्या सुबक अक्षरात तीन ओळी दिसल्या : दोन्ही कर्णनलिका मळाने पूर्ण बंद. तेलाचे थेंब पाच दिवस. नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ काढून घेणे. वर एक शब्दही टीका नव्हती. मी त्यांना विचारले, “तुम्हांला शंका कशी आली?” त्या म्हणाल्या, “शंका आली नाही, सर. ऐकू येत नाही म्हणाले, म्हणून कानात पाहिलं.”

तज्ज्ञांनी मळ काढला त्या दिवशी संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी गेलो. ते काकूंना सांगत होते, “या पंख्याला तेल घाला, किती करकरतो!” तो पंखा वर्षभर तसाच करकरत होता. मला पाहून ते म्हणाले, “बस. तुझी जुनी सवय गेली नाही. आधी उत्तर लिहायचं, मग रीत मांडायची.” मी मान खाली घातली. गुरुजींनी विषय तेथेच संपवला. मात्र जी गोष्ट ते कधीच बोलले नाहीत ती मला पुढे काकूंकडून कळली. ग्वाल्हेरला असलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा दर रविवारी सकाळी फोन येत असे. गुरुजींना ऐकू येईनासे झाल्यावर तो फोन सूनबाई घेऊ लागल्या आणि निरोप सांगू लागल्या. त्याच वर्षी थंडीत त्या बहीण वारल्या.

हा प्रसंग इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, रोगाने त्यात आपली ओळख पुरेपूर दिली होती. वाचायला मीच तयार नव्हतो. वार्धक्यात ऐकणे कमी होते ते बहुधा उंच स्वरांपासून. स, श, फ, थ यांसारखी अक्षरे आधी निसटतात, त्यामुळे ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार असते. तंबोऱ्याचा खर्ज अशा माणसाला पुष्कळ काळ ऐकू येत राहतो. खर्जच हरवला असेल, तर बाहेरून आत जाणाऱ्या वाटेवरच काहीतरी आडवे आले आहे, असा संशय यायला हवा. गुरुजींनी ज्याला मी विनोद समजलो त्या एका वाक्यात निदान करून दिले होते. दुसरे लक्षण त्यांचा हळू झालेला आवाज. कानाची नस कमजोर झालेला माणूस स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलतो. कानाची वाट बुजलेल्या माणसाला आपलाच आवाज डोक्यात घुमून मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलू लागतो. सर्वांनी तो अशक्तपणा मानला. तिसरे, यंत्राची शिटी. बुजलेल्या नलिकेतून ध्वनी आत न जाता उलटून यंत्राकडे येतो आणि यंत्र शिटी घालते. चौथे म्हणजे तो श्रवणाचा आलेख. त्यात वायुवहन तेवढे तपासले होते, अस्थिवहन तपासलेच नव्हते. दोन्ही रेघा काढल्या असत्या तर त्यांतील अंतर कागदावरच दिसले असते. दुकानाला दोष देणे सोपे आहे, पण तो कागद मीही हातात घेऊन पाहिला होता आणि ‘ठीक’ म्हणून परत दिला होता.

मळाविषयी थोडे शास्त्रीय सांगायला हवे, कारण सुशिक्षित घरांतही त्याविषयी गैरसमज फार. मळ म्हणजे घाण नव्हे. कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात, जेथे कूर्चा आणि केस असतात, तेथील ग्रंथींचा स्राव आणि गळून पडलेली त्वचा मिळून मळ तयार होतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी आत मुरू देत नाही आणि जंतूंना अटकाव करतो. विशेष म्हणजे कानाच्या पडद्यावरील त्वचा मध्यापासून कडेकडे आणि मग नलिकेतून बाहेरच्या दिशेने, नखाच्या वाढीसारखी, अतिशय संथपणे सरकत असते. चघळताना जबडा हलतो त्याचीही मदत होते. निसर्गाने झाडलोटीची व्यवस्था केलेली आहे. तिच्यात अडथळा आणतो तो माणूस. आपल्या आजीच्या चाव्यांच्या जुडग्यात चांदीचे कानकोरणे असे. त्याची जागा आता कापूस गुंडाळलेल्या काडीने घेतली आहे, आणि वेळप्रसंगी केसांचा आकडा, आगकाडी, स्कूटरची किल्ली, बॉलपेनचे टोपण, जे हाताला लागेल ते कानात जाते. तोफेत दारू ठासावी तसा या काडीने मळ आत ठासला जातो. काडीच्या टोकाला थोडासा मळ लागलेला दिसतो आणि आपण कान साफ केल्याचे समाधान मिळते. उरलेला मळ कोठे गेला, याचा विचार कोणी करीत नाही.

वयोमानानुसार ग्रंथी सुकतात, मळ कोरडा व कडक होतो, पुरुषांच्या नलिकेतील केस जाड होतात आणि त्वचेचे सरकणे मंदावते. म्हणून वृद्धांत हा प्रकार अधिक. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेनुसार मळाने कान दाटण्याचे प्रमाण मुलांत सुमारे दहांत एक, प्रौढांत विसांत एक आणि वृद्धांत एक तृतीयांशाहून अधिक आहे. आपल्या देशाचे आकडेही बोलके आहेत. २००६-०७ मध्ये २५ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाच्या कागदपत्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणाचा हवाला आहे. त्यात बऱ्या होण्याजोग्या श्रवणदोषाचे सर्वांत मोठे कारण कानातील मळ हेच, १५.९ टक्के. वार्धक्यादी कारणे त्यानंतर, १०.३ टक्के. जो पू वाहणारा कान आपण विद्यार्थिदशेत इतका घोकला, तो ५.२ टक्के. परीक्षेत मळावर प्रश्न येत नाही, हेही त्याच्या उपेक्षेचे एक कारण असावे.

मळ हळूहळू साठतो, पण बहिरेपणा कधी कधी एकाएकी येतो, याचे लोकांना आश्चर्य वाटते. नलिकेत केसाएवढी फट शिल्लक असेपर्यंत माणसाला बरेचसे ऐकू येते. एक दिवस डोक्यावरून आंघोळ होते, पाणी आत शिरते, मळ फुगतो, फट बुजते आणि कान बंद होतो. पूर्ण बुजलेल्या कानात ४० डेसिबलपर्यंत घट होऊ शकते. साधे संभाषण साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या माणसाच्या वाट्याला काय उरते याची कल्पना यावी. समोरच्याचे बोलणे त्याला कुजबुजीसारखे पोहोचते.

मग आपण डॉक्टर मंडळी कानात का पाहत नाही? मी स्वतःला हा प्रश्न पुष्कळदा विचारला आहे. वेळ नसतो, हे उत्तर खरे नाही. दोन्ही कान पाहण्यास एक मिनिट लागते, आणि रक्तदाबाचा पट्टा बांधण्यास त्याहून अधिक. खरे कारण असे की वृद्ध माणूस दवाखान्यात येतो तो एकटा येत नाही, त्याच्यासोबत निदानही येते. मुलगा किंवा सून सांगते, ‘वय झालंय, ऐकू येत नाही,’ आणि आपण ते वाक्य लॅटिनमध्ये किंवा संस्कृतात भाषांतरित करून कागदावर उतरवतो. दुसरे कारण विशेषज्ञतेचे. कान हा आता आपला अवयव राहिलेला नाही, तो तज्ज्ञांचा झाला. माझ्या पिढीला महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालयात कपाळावर आरसा बांधून कान पाहायला शिकवले होते. व्यवसायात पडल्यावर आरसा गेला, ओटोस्कोप आला आणि त्याच्या बॅटऱ्या संपल्यावर नव्या कोणी घातल्या नाहीत. माझ्या मित्रांपैकी किती जणांच्या खणातील ओटोस्कोप आज पेटेल, याची पैज लावण्यास मी तयार आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पाहिला आणि मळ दिसला तर काढायचा कोणी? न जमणाऱ्या हाताने कानात चिमटा घालून पडदा फाडण्यापेक्षा न पाहिलेले बरे नव्हे काय? माझे म्हणणे असे की पाहणे आणि काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्याचा हात बसलेला नाही त्याने काढू नये. पण पाहायचे नाही असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरा आक्षेप एका तज्ज्ञ मित्राने घेतला : श्रवणाची तक्रार असलेला प्रत्येक रुग्ण आमच्याकडे पाठवा, आम्ही पाहूच. पाठवावे, अवश्य पाठवावे. परंतु माळव्यातील खेड्यांतून येणारा माणूस आणि घरातील सर्वांत शेवटी ज्याच्या औषधाचा विचार होतो असा वृद्ध, हे दोघे तज्ज्ञापर्यंत पोहोचत नाहीत. ते श्रवणयंत्राच्या दुकानापर्यंत पोहोचतात किंवा कोठेच पोहोचत नाहीत.

या आग्रहाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘मळ असेल’ असे न पाहता म्हणणे ही ‘वय झाले’ असे न पाहता म्हणण्याइतकीच मोठी चूक होय. चाळिशीतील एक बँक कर्मचारी महिला माझ्याकडे आल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठल्या तेव्हा डावा कान बंद. मळ असेल म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालीत राहिल्या. मी पाहिले तेव्हा नलिका आरशासारखी स्वच्छ होती. कानाच्या नसेला एकाएकी बसलेला तो आघात होता. अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू होईल तितकी आशा अधिक. त्यांचे दिवस थेंबांत गेले होते. त्या कानाने त्यांना नीट ऐकू येणे पुन्हा झाले नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवला की मळाने बंद असलेल्या कानात आवाज मोठा येतो, आणि नस गेलेली असेल तर चांगल्या कानात. फोर्क जवळ नसेल तर रुग्णाला ओठ मिटून ‘हुं’ असा गुंजारव करायला सांगावा आणि तो कोणत्या कानात घुमतो ते विचारावे. फोनवरूनही एवढे करता येते. याने निदान पूर्ण होत नाही, पण त्याच दिवशी तज्ज्ञाकडे धाडावे की नाही हे ठरवता येते.

दोन्ही कारणे एकत्र असू शकतात, हेही विसरता कामा नये. इंदुरातील एका कापड गिरणीत तीस वर्षे मागावर काम केलेले एक गृहस्थ माझे रुग्ण होते. मागांच्या खडखडाटाने त्यांची नस अधू झालेली होती, आणि त्यावर मळाचे दाट बूच. मळ काढल्यावर त्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू आली नाही, परंतु नातवाचे बोलणे ऐकू आले. उरलेल्या उणिवेसाठी श्रवणयंत्र लागले, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत आनंदाने वापरले. गुरुजींच्या कानातही मळ काढल्यानंतर उंच स्वरांची थोडी उणीव निघालीच. मळ पाहायचा तो श्रवणयंत्र टाळण्यासाठी नव्हे. यंत्र खऱ्या कानाच्या मापाने घेतले जावे, म्हणून तो आधी पाहायचा. यंत्र लावल्यानंतरही पाहत राहायचे, कारण नलिकेत बसलेले यंत्र मळाची बाहेरची वाट अडवते. यंत्र वापरणारा रुग्ण दवाखान्यात कशासाठीही आला तरी त्याच्या कानात एकदा डोकवावे.

घरच्या मंडळींसाठी चार शब्द. तक्रार नसेल तर कानातील मळ काढण्याच्या भरीस पडू नये. तो तेथे असणेच योग्य. मात्र लहान मूल, किंवा विस्मरणामुळे आपली तक्रार सांगू न शकणारा वृद्ध यांचे कान डॉक्टरांकडून पाहून घ्यावेत. वर्गात लक्ष नसते म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाचेही पाहावेत. कान दाटला असेल तर मळ मऊ करण्यासाठी तीन ते पाच दिवस थेंब घालणे ही पहिली पायरी. सुश्रुतानेही ‘कर्णगूथ’ या नावाने या विकाराचे वर्णन करून तेलाने आधी मऊ करावे व मग शलाकेने काढावे असे सांगितले आहे. आश्चर्य असे की आजच्या संशोधनाचा निष्कर्षही फार दूर गेलेला नाही. महागडे थेंब साध्या तेलाहून किंवा नुसत्या पाण्याहून निश्चितपणे सरस आहेत, असे सिद्ध झालेले नाही. पण पडद्याला छिद्र असल्याचा संशय असेल, कान वाहत असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर तेल, पाणी, थेंब यांपैकी काहीही विचारल्याशिवाय घालू नये. लसूण घालून कडकडीत तापवलेले तेल कोणत्याही कानात घालू नये. भाजलेली नलिका मी पाहिली आहे. कानात मेणबत्ती लावून मळ ‘ओढून’ घेण्याच्या प्रकाराला कसलाही आधार नाही. आणि रस्त्यावर, फलाटावर भेटणाऱ्या कान कोरणाऱ्याच्या हातातील सळई याआधी कोणाच्या कानातून आली आहे, एवढा एकच प्रश्न मनात आणावा.

सहव्यवसायींना एक सूचना. धातूच्या मोठ्या पिचकारीने कान धुण्याची जी पद्धत आपण शिकलो, ती आता मागे पडली आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१८ मध्ये ती प्रौढांसाठी वापरू नये असे स्पष्ट सांगितले. दाब नियंत्रित करणारे विजेचे यंत्र किंवा शोषण-नलिकेने सूक्ष्मदर्शकाखाली मळ काढणे, हे पर्याय आहेत. पाणी शरीराच्या तापमानाचेच हवे, नाहीतर रुग्णाला गरगरते आणि तो टेबलावरच वांती करतो. मधुमेही रुग्णाच्या कानात ओरखडा पडला किंवा पाणी साचून राहिले, तर बाह्यकर्णाचा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. आपल्या शहरात मधुमेहींची वाण नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीतही हात जपून चालवावा. ज्याचा एकच कान शाबूत आहे, त्याला सरळ तज्ज्ञाकडे पाठवावे. मळ काढून झाल्यावर पुन्हा पाहावे आणि पुन्हा ऐकण्याची परीक्षा घ्यावी. हे शेवटचे काम आपण हमखास विसरतो.

२०१७ पासून ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणऱ्हासाचा समावेश केला आहे, आणि २०२४ च्या अहवालातही तो कायम आहे. मळ काढल्याने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा मी करणार नाही. पण ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही त्याची स्मरणशक्ती तपासून आपण गुण देतो, एवढे तरी टाळता येईल. गुरुजींची ती गोळी मी दुसऱ्याच दिवशी बंद केली. पाढे त्यांना शेवटपर्यंत येत होते.

आता मंडळापुढे एक प्रस्ताव. आपल्या वार्षिक आरोग्य शिबिरात श्रवण तपासणीचे टेबल असते. नाव नोंदवून रुग्ण थेट तेथे जातो, कानाला हेडफोन लावला जातो आणि आलेख हातात घेऊन तो यंत्राच्या चौकशीकडे वळतो. यंदा त्या टेबलाच्या अलीकडे आणखी एक टेबल मांडावे. त्यावर दोन ओटोस्कोप, जादा बॅटऱ्या, वेगवेगळ्या मापांची नळकांडी आणि ती पुसण्यासाठी स्पिरिट. तेथे बसणाऱ्या डॉक्टरने दोन्ही कानांत पाहून कार्डावर ‘पडदा दिसला’ किंवा ‘पडदा दिसला नाही’ एवढेच लिहायचे. ज्यांचा पडदा दिसला नाही त्यांचा आलेख त्या दिवशी काढू नये. त्यांना थेंब द्यावेत आणि पुढच्या रविवारी, मळ काढून झाल्यावर, पुन्हा बोलवावे. तरुण सहकाऱ्यांना रक्तदाब आणि साखरेच्या टेबलांवर पुष्कळ काम असते, याची मला जाणीव आहे. या टेबलावर मी बसेन. माझा ओटोस्कोप मी घेऊन येईन. कालच त्याच्या बॅटऱ्या बदलल्या आहेत.